फांदी दोराने उतरवायची तर कप्पी कोणती घ्यावी, कशी बांधावी

वर टांगलेली एकटी कप्पी वजन कमी करत नाही. ती फक्त दोराची दिशा बदलते. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्याला हे माहीत असतं: दहा किलोच्या घागरीला दहा किलोचीच ओढ लागते, फक्त वर उचलण्याऐवजी खाली ओढायचं. झाडाच्या कामात मात्र ‘आता कप्पी आहे, एक माणूस पुरे’ असं सर्रास ऐकू येतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडच्या बहुतेक टोळ्या फांदी बेचक्यातून उतरवतात. वरच्या एखाद्या मजबूत बेचक्यातून दोर टाकायचा, एक टोक फांदीला, दुसरं खाली दोन गड्यांच्या हातात. हे चालून जातं, कारण बेचक्यात दोर घासतो आणि वजनाचा मोठा हिस्सा ते घर्षणच पेलतं. त्याच जागी कप्पी लावली की चाक मोकळं फिरतं, घर्षण जवळजवळ संपतं आणि जवळपास अख्खं वजन खालच्या माणसाच्या हातात येतं. मग गडी फरफटत झाडाकडे ओढला जातो, नाहीतर दोर सोडून देतो. म्हणून कप्पी घ्यायचं ठरवलं की त्याच दिवशी खालच्या ब्रेकचाही, म्हणजे खाली घर्षणाने दोर अडवून धरायच्या सोयीचाही, विचार करायचा. नुसती कप्पी घेणार असाल तर त्यापेक्षा बेचका बरा.

ज्यांना झाडावर चढता येतं आणि चेनसॉ चालवता येतो, पण दोराने फांदी उतरवण्याचं काम नवीन आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिल्या काही फांद्या जाणत्या माणसाच्या नजरेखालीच उतरवा.

आधी झाड, मग सामान

शहरात झाड तोडायला, मोठ्या फांद्या छाटायलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं ‘हेरिटेज’ धरली जातात, आणि त्यांचे नियम आणखी कडक आहेत. सोसायटीचे चेअरमन ‘मी बघून घेतो’ म्हणाले तरी कागद हातात आल्याशिवाय दोर वर नेऊ नका. जवळून विजेच्या तारा जात असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या. ओला दोर आणि ओली फांदी, दोन्हींतून करंट येतो.

मग झाडाकडे बघा. ज्या खोडाला कप्पी टांगणार ते खोड भार घेईल का? बुंध्याशी अळंबी उगवलीय का, ढोली आहे का, साल सुटलीय का, मुळांशी माती फुगलीय का? गुलमोहराच्या बाबतीत दुप्पट सावध राहायचं. त्याचं लाकूड ठिसूळ, आणि बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी कडक अळंबी दिसली तर मुळं आतून कुजलेली असण्याची दाट शक्यता असते. अशा झाडाला कप्पी टांगणं म्हणजे भार नेमका कुजलेल्या जागी नेणं. तिथे क्रेन किंवा बूम लिफ्ट मागवा, नाहीतर काम सोडून द्या.

वजनाचा अंदाज

ओलं लाकूड साधारण पाण्याइतकं जड धरायचं, म्हणजे एका घनमीटरला हजार किलो. झाडागणिक थोडं इकडे-तिकडे होतं, पण नवीन माणसाने हाच आकडा धरावा. टेप घेऊन फांदीचा घेर मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा आणि ८० ने गुणा. आलेला आकडा हे एक मीटर लांबीचं वजन, किलोमध्ये. एक मीटर घेर असेल तर मीटरला ८० किलो. अर्धा मीटर असेल तर फक्त २०. घेर निम्मा झाला की वजन पावपट होतं, हे एकदा डोक्यात बसलं की झाडाकडे बघायची नजरच बदलते.

समजा, पार्किंगच्या पत्र्यावर आलेली रेन ट्रीची फांदी आहे. सरासरी घेर ९० सेंटिमीटर, तुकडा दोन मीटरचा. ०.९ चा वर्ग ०.८१, गुणिले ८०, गुणिले २: जवळपास १३० किलो. पानं आणि बारीक डहाळ्या यात धरलेल्या नाहीत. पालवी दाट असेल तर त्यांचं वजनही कमी नसतं, आणि पावसात पानं पाणी धरून ठेवतात.

आता हे १३० किलो कप्पीवर किती होतात? दोराच्या एका बाजूला फांदी १३० ने ओढते, दुसऱ्या बाजूला खालचा ब्रेकही जवळपास तितक्याच जोराने ओढतो. दोन्ही दोर एकमेकांना समांतर खाली येत असतील तर कप्पीवर आणि ती बांधलेल्या पट्ट्यावर बेरीज पडते: २६० किलो. दोन दोरांत काटकोन असेल तर साधारण १.४ पट, १२० अंशांचा कोन असेल तर एकपट. झाडावर बहुतेक वेळा दोर जवळजवळ समांतरच असतात, म्हणून दुप्पटच धरा.

आणि हा झाला शांतपणे टांगलेला भार. कापलेली फांदी एक इंचही न पडता नुसती अचानक दोरावर आली, तरी दोरावरचा ताण वजनाच्या दुप्पट होतो. हे शाळा-कॉलेजातलं भौतिकशास्त्र आहे. म्हणजे दोरावर २६०, कप्पीवर ५२०. ती फांदी मीटरभर पडून झटक्यात अडली तर आकडा कुठच्या कुठे जातो. कप्पी फांदीच्या वजनाला पुरेल अशी घ्यायची नसते. तिने हा झटका सोसला पाहिजे.

दुकानात काय बघायचं

झाडाच्या कामाच्या कप्पीला ब्लॉक म्हणतात. पण पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर जाऊन नुसतं ‘ब्लॉक द्या’ म्हणालात तर चेन पुली ब्लॉक पुढ्यात येईल. ते वजन उचलायचं साखळीचं यंत्र. आपल्या कामाचं नाही. ‘कप्पी’ म्हणालात तर विहिरीची किंवा बांधकामाची बिडाची कप्पी मिळेल. तिच्यावर भाराचा आकडा नसतो, बाजू उघड्या असतात, आणि झटका बसला की बीड वाकत नाही, फुटतं. वायर रोपचा स्नॅच ब्लॉक दिसायला दणकट असतो, पण त्याची खोबण लोखंडी तारेसाठी असते; कापडी दोर त्यात नीट बसत नाही, चेपतो. मुंबईच्या दारूखाना भागात जहाजाच्या भंगारातले भलेमोठे ब्लॉकही मिळतात. बघून मोह होतो, पण त्यांनी समुद्रावर काय काय सोसलंय ते कोण सांगणार? नकोच.

झाडाच्या कामाचा ब्लॉक हातात घेतला की लगेच वेगळा कळतो. खाली मोठं चाक, त्यावरून कामाचा दोर फिरतो. वर एक लहान, गुळगुळीत रूळ, त्याला बांधायचा पट्टा अडकतो. दोन्ही बाजूंच्या जाड प्लेट चाकाच्या कडेपेक्षा बाहेर आलेल्या असतात, म्हणजे ब्लॉक खोडावर आपटला तरी दोर प्लेट आणि साल यांच्यामध्ये चिरडत नाही. एक पिन दाबून फिरवली की प्लेट उघडते आणि दोर मधूनच आत घालता येतो, टोकापासून ओवावा लागत नाही. वेल्समधल्या डीएमएम आणि आयएससी, अमेरिकेतली सीएमआय ही या सामानातली जुनी नावं. आपल्याकडे हे सामान हार्डवेअरच्या दुकानात सापडत नाही. रोप ॲक्सेसचं, म्हणजे दोरावर लटकून करायच्या कामांचं, आणि आर्बोरिस्टचं, म्हणजे झाडांची कामं करणाऱ्यांचं, सामान मागवून देणाऱ्यांकडे विचारा.

प्लेटवर तीन गोष्टी वाचायच्या. पहिली, जास्तीत जास्त किती मिलिमीटरचा दोर चालेल. दुसरी, डब्ल्यूएलएल, म्हणजे रोजच्या कामात इतकाच भार. तिसरी, एमबीएस, म्हणजे या आकड्याच्या खाली तो तुटणार नाही अशी कंपनीची हमी. आकडे केएनमध्ये, म्हणजे किलोन्यूटनमध्ये असतात. एक केएन म्हणजे ढोबळ शंभर किलो. डब्ल्यूएलएल २० केएन असेल तर दोन टन. दुकानदार नेहमी मोठा आकडा सांगतो, तुम्ही छोटा धरा. प्लेटवर काहीच कोरलेलं नसेल तर तो ब्लॉक परत ठेवा, कितीही स्वस्त असो.

चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या किमान चौपट हवा, आठपट मिळाला तर उत्तम. १२ मिलिमीटरच्या दोराला ४८ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा, ९६ च्या आसपास असेल तर दोर कितीतरी जास्त टिकतो. लहान चाकावर दोर तीव्र वळतो, बाहेरचे धागे ताणले जातात, आतले चेपतात.

सुरुवातीला एकच घ्यायचा तर १६ मिलिमीटरपर्यंतचा दोर चालणारा मधला ब्लॉक घ्या, बुशिंगचा, म्हणजे चाक गोळ्यांवर नाही तर साध्या गुळगुळीत नळीवर फिरतं असा. बेअरिंगचा ब्लॉक जास्त हलका फिरतो, महाग असतो, आणि फांदी उतरवताना त्या हलकेपणाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. ओढून वर घ्यायचं काम असेल तेव्हा तो कामी येतो.

दोर आणि पट्टा

बाजारात ‘नायलॉनची दोरी’ म्हणून जी पिवळी-निळी दोरी मिळते ती बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीन असते. तिचा वितळणबिंदू १६५ अंशांच्या आसपास. ब्रेकवरून जोरात सरकली की वितळून चकाकते आणि कडक होते. पॉलिएस्टर २५० च्या पुढे जातो, ताणलाही कमी जातो. फांद्या उतरवायला पॉलिएस्टरचा डबल ब्रेड, म्हणजे आत एक आणि वर दुसरी वीण असलेला, दोर घ्या. चांगल्या कंपनीचा १२ मिलिमीटरचा दोर साधारण चार टनांच्या पुढे तुटतो. दोराचा कामाचा भार तुटण्याच्या भाराच्या दहाव्या हिश्श्याइतका धरायचा, म्हणजे चारशे किलो. दहावा हिस्सा फार कमी वाटतो, पण गाठीत ताकद जाते, घासण्यात जाते आणि उरलेली झटक्याला लागते.

ब्लॉक झाडाला बांधायच्या पट्ट्याला स्लिंग म्हणतात. हा दोर कामाच्या दोरापेक्षा जाड आणि जास्त ताकदीचा हवा, कारण दोराच्या दोन्ही बाजूंचा भार त्याच्यावर पडतो. नेमका हाच पट्टा बहुतेक जण उरल्यासुरल्या दोराच्या तुकड्याने भागवतात. एका टोकाला पक्का विणलेला डोळा असलेली, तीन-चार मीटर लांबीची डेड-आय स्लिंग सर्वांत सोयीची.

बांधायची अशी: डोळा ब्लॉकच्या वरच्या लहान रुळावर चढवा, पिन बंद करा, लॉक बसलंय का ते बोटाने दाबून बघा. शेपूट खोडाभोवती एक फेरी फिरवा, ब्लॉककडच्या भागावरून आडवी घ्या, उलट दिशेने दुसरी फेरी मारून आणा आणि मधल्या घोळातून बाहेर काढा. ही काऊ हिच. वर एक अर्धी गाठ मारून शेपूट अडकवा. ब्लॉक खोडाला जितका चिकटून राहील तितका चांगला. लोंबकळत राहिला तर भार येताच तो आधी तेवढा घसरतो, आणि झटका तिथेच वाढतो. टिंबर हिचही चालते, पण तिच्यात ओढ चुकीच्या बाजूने आली तर गाठ सैल पडते. नवीन असाल तर काऊ हिचच धरा. जमिनीवर एखाद्या खांबाला बांधून बांधून हात बसवा, वर गेल्यावर शिकायला जाऊ नका.

जागा निवडताना भार खोडाच्या लांबीच्या दिशेने खाली जाईल असं बघा. आडव्या फांदीच्या टोकाला टांगलेला ब्लॉक ती फांदी पिळतो, मोडतो. स्लिंग नेहमी एखाद्या जाड फांदीच्या फाट्याच्या वर, म्हणजे खाली सरकणार नाही अशी. नारळाला फाटाच नसतो, त्यामुळे तिथे स्लिंग घट्ट आवळलेली नसेल तर भार येताच घसरते.

आणि चढणाऱ्याचा स्वतःचा दोर, त्याची कप्पी, त्याचा पट्टा यातलं काहीही फांदीच्या कामाला वापरायचं नाही. झटका खाल्लेला ब्लॉक माणसासाठी कधीच नाही.

खालचा ब्रेक

साधा उपाय म्हणजे बुंध्याभोवती दोराचे वेढे. हिशेब बघण्यासारखा आहे: घर्षण अगदी मध्यम धरलं तरी एका पूर्ण वेढ्याने हातावरचा ताण साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो, दोन वेढ्यांनी विसाव्या हिश्श्याच्याही खाली. १३० किलोला दोन वेढे घेतले की हातात पाच-सहा किलो. लहान फांदीला मात्र दोन वेढे जास्त होतात, दोर सरकतच नाही आणि फांदी झटक्यात अडते.

झाड काढूनच टाकायचं असेल तर बुंधा चालेल. ठेवायचं असेल तर साल सोलवटते, म्हणून बुंध्याला बांधायचा पोर्टा रॅप घ्या: लोखंडी नळी आणि तिला दोर अडकवायचे दांडे. वेढे कमी-जास्त करायला सोपं, आणि दोरही कमी झिजतो.

दोर धरणारा फांदी पडायच्या जागेपासून लांब, पण वर दिसेल असा उभा राहील. हातमोजे कातड्याचे. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. मोकळा दोर पायाजवळ वेटोळ्यात पडू द्यायचा नाही, कारण तो पळू लागला की वेटोळ्यात पाय अडकतो.

हाका आधी ठरवा. माझा आग्रह असा की ‘सोडू नको’ हा शब्दच काढून टाका. चेनसॉच्या आवाजात ‘नको’ विरतं आणि खाली फक्त ‘सोड’ ऐकू येतं. ‘थांब’, ‘सोड’, ‘आवळ’ एवढे तीन पुरतात, आणि खालच्याने प्रत्येक हाकेला ‘हो दादा’ म्हणून उत्तर दिल्याशिवाय वरच्याने करवत लावायची नाही.

पहिली फांदी

हाताने फेकता आली असती अशी बारीक फांदी आधी उतरवा. ब्लॉक, स्लिंग, ब्रेक आणि दोर धरणारा, चौघांचीही तपासणी त्यात होते.

फांदीला गाठ रनिंग बोलाइनची, म्हणजे ओढलं की आवळत जाणाऱ्या सरकफासाची. तुकडा जड असेल तर तिच्या आधी, ब्लॉकच्या बाजूला, एक अर्धी गाठ घ्या. भार दोन जागी वाटला जातो आणि गाठ सरकत नाही. बुडाशी बांधलं तर शेंडा आधी खाली झुकतो, शेंड्याकडे बांधलं तर बूड झुकतं. खाली पत्रा कुठे आहे, भिंत कुठे आहे, त्यावर ठरवा. दोराचा ढील आवळून घ्या, मग कापा.

फांदी सुटली की दोर धरणाऱ्याने तिला घट्ट पकडायचं नाही. दोर ब्रेकवरून पळू द्यायचा आणि हळूहळू वेग कमी करत आणायचा. खाली जागा असेल तितकी पळू द्या. नवीन माणूस घाबरून दोर आवळतो, आणि सगळा झटका वरच्या ब्लॉकवर, म्हणजे चढलेल्या माणसाच्या शेजारी जातो. या कामात सर्वांत कसलेला माणूस खाली हवा असं मला वाटतं, टोळीतला सगळ्यात नवा पोरगा नव्हे.

फांद्या संपल्यावर उभं खोड तुकड्यांनी उतरवायचं ते काम वेगळं आहे, आणि पहिल्या हंगामात ते करू नये. तिथे ब्लॉक कापाच्या खाली असतो, म्हणजे ओंडका आधी पडतो आणि मग दोर त्याला अडवतो. करायची वेळ आलीच तर ब्लॉक कापाच्या शक्य तितका जवळ, ओंडक्याची गाठही कापाच्या जवळ, आणि तुकडे छोटे. ओंडका निम्म्या लांबीचा केला तर वजन निम्मं होतं आणि पडण्याचं अंतरही जवळपास निम्मं, म्हणजे दोराला सोसावी लागणारी ऊर्जा पाव होते. दोन जास्तीच्या कापांचा वेळ जातो तो जाऊ द्या.

काम झाल्यावर

ब्लॉक उघडा, चाक हाताने फिरवा. करकरतंय, डुगडुगतंय, अडतंय का? खोबणीवरून नख फिरवा. खरवड लागली तर ती दोराला कापणार. पिन पूर्ण बसते का बघा. प्लेटवर बारीक चीर दिसली किंवा प्लेट वाकलेली वाटली तर ब्लॉक बाद. उंचावरून काँक्रीटवर आपटलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक वरून ठीक दिसला तरी कंपनीच्या सूचनेप्रमाणे तपासून घेतल्याशिवाय वापरू नका.

दोर आणि स्लिंग हातातून सरकवत बघा: चकाकी, कडकपणा, मध्येच बारीक झालेली जागा, तुटलेले धागे. ओले असतील तर सावलीत वाळवा, उन्हात नाही. चेनसॉच्या तेलापासून आणि बॅटरीपासून लांब, वेगळ्या पिशवीत ठेवा. एखाद्या वहीत तारीख आणि झटका बसला असेल तर त्याची नोंद करा.

बाद झालेली स्लिंग गोडाऊनच्या कोपऱ्यात टाकून ठेवू नका. तिथल्या तिथे हात-हातभर तुकडे करा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात घाईच्या कामाला कोणी ती उचलून टेम्पोत टाकणार नाही.